सीई आणि एमएस जोडायचं, पण नेमक्या कोणत्या आयनांसाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या संशोधिकेकडे यूव्ही डिटेक्टरवर चालणारं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं, म्हणजे सीईचं यंत्र आहे; ते केसासारख्या बारीक नळीत (कॅपिलरीत) विद्युतदाब देऊन आयनांना त्यांच्या वेगानुसार वेगळं करतं. शेजारच्या विभागात ईएसआयचं, म्हणजे द्रवाच्या प्रभारित फवाऱ्यातून आयन घेणारं, सिंगल क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटर (एमएस) आहे, आणि सामायिक सुविधेत आयसीपी-एमएसवर, म्हणजे तप्त प्लाझ्मात अणूंचे आयन करून मोजणाऱ्या यंत्रावर, वेळ मिळू शकतो. नमुने तीन प्रकारचे: उपनगरांतल्या सोसायट्यांना येणारं टँकरचं आणि बोअरिंगचं पाणी, ठाणे खाडीत तिवरांखालच्या गाळात मुरलेलं पाणी, आणि दिवाळीनंतर फिल्टरवर गोळा केलेली हवेतली धूळ. मोजायचं आहे परक्लोरेट, ब्रोमेट, आर्सेनिकची वेगवेगळी रूपं आणि सहा-संयुजी क्रोमियम, तेही लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच्या पातळीवर. सीईला एमएस जोडावं का, आणि जोडायचं तर कोणतं?

टँकरच्या पाण्यासाठी जोडू नका. धुळीतल्या परक्लोरेटसाठी ईएसआय जोडता येईल. गाळातल्या पाण्यातल्या आर्सेनिकसाठी मात्र आयसीपी जरूर जोडा, कारण तिथे या जोडणीला दुसरा तोलामोलाचा पर्याय नाही.

असं का, ते एका साध्या हिशोबात दिसतं. ५० मायक्रोमीटर आतल्या व्यासाची, ६० सेंटीमीटर लांबीची कॅपिलरी घेतली तर तिच्यात एकूण सुमारे १.२ मायक्रोलिटर द्रव मावतो. आलेखावरची आयनांची शिखरं रुंद होऊ द्यायची नसतील तर त्याच्या एक टक्का नमुना आत घ्यायचा, म्हणजे १२ नॅनोलिटर. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. त्या पातळीच्या १२ नॅनोलिटर पाण्यात आर्सेनिक असतं ०.१२ पिकोग्रॅम. तेच पाणी आयन क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे भरलेल्या स्तंभातून आयन वेगळे करण्याच्या पद्धतीच्या, १०० मायक्रोलिटरच्या लूपमधून गेलं तर डिटेक्टरला एक नॅनोग्रॅम मिळतं, म्हणजे आठ हजार पटींहून जास्त. सीई थोड्याशा वस्तुमानाला फार चांगला प्रतिसाद देते, पण पाण्यातली संहती मोजताना तिचा हात आखडतो. हा फरक अनेक शोधनिबंधांच्या सारांशात हरवतो, कारण तिथे संवेदनशीलता फेम्टोग्रॅममध्ये लिहिलेली असते आणि ती वाचून आपण हरखून जातो.

टँकरचं पाणी तुम्हाला हवं तेवढं मिळतं. परक्लोरेट आणि ब्रोमेट त्यात स्थिर असतात, वाटेत रूप बदलत नाहीत. मग आयन क्रोमॅटोग्राफी, सप्रेसर आणि पुढे ईएसआय-एमएस हा रूळलेला मार्ग आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, पद्धत ३३२.० परक्लोरेटसाठी हेच करते. सप्रेसर हायड्रॉक्साइडच्या एल्युअंटचं, म्हणजे स्तंभातून आयन वाहून आणणाऱ्या द्रवाचं, पाणी करून टाकतो, त्यामुळे ईएसआयला त्रास होत नाही. सीई इथे हट्टाने वापरण्यात अर्थ नाही.

गाळातल्या पाण्याची गोष्ट वेगळी. खाडीच्या चिखलात खुपसलेल्या सच्छिद्र सॅम्पलरमधून हळूहळू ओढलं तर एकेका खोलीवरून जेमतेम काही थेंब निघतात. त्यातलं तीन-संयुजी आर्सेनिक हवा लागताच बदलू लागतं, विशेषतः सोबत विरघळलेलं लोह असेल तर. नमुना थोडा आणि नाजूक. सीईला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं: ५० मायक्रोलिटरच्या कुपीतून ती अनेकदा घोट घेते आणि कुपी जवळपास भरलेलीच राहते. शिवाय वेगळं करण्यासाठी स्थिर प्रावस्था नसल्यामुळे रूपं पृष्ठभागावर चिकटून वा मोडून जाण्याचा धोका कमी असतो.

आता जोडणीकडे येऊ. माझ्या मते या तंत्राचं यशापयश नव्वद टक्के त्या सांध्यावर ठरतं. यूव्हीवर काम करताना कॅपिलरीची दोन्ही टोकं बफरच्या कुपीत बुडालेली असतात आणि विद्युत मंडल आपोआप पूर्ण होतं. एमएसला जोडल्यावर पुढचं टोक हवेत लोंबकळतं. तिथे विद्युत संपर्क द्यायचा, फवारा स्थिर ठेवायचा आणि कॅपिलरीतला प्रवाह बिघडू द्यायचा नाही, ही तीन कामं एकाच जागी करायची असतात. रिचर्ड स्मिथ यांच्या गटाने १९८७ मध्ये सीई आणि ईएसआय-एमएस प्रथम जोडलं तेव्हापासून सगळी धडपड या एका मिलिमीटरभोवती चालली आहे.

ईएसआयसाठी नवख्याने समाक्ष शीथ द्रवाचीच जोडणी घ्यावी. कॅपिलरीभोवतीच्या नळीतून मिनिटाला चार-पाच मायक्रोलिटर आयसोप्रोपेनॉल-पाणी वाहतं आणि तेच मंडल पूर्ण करतं. कॅपिलरीतून मिनिटाला शंभर नॅनोलिटरच्या आसपास द्रव येत असेल, तर नमुना इथे चाळीसेक पट पातळ होतो हे गृहीत धरा. शीथशिवाय चालणारी सच्छिद्र टोकाची कॅपिलरी ही विरळता टाळते, पण ती महाग आणि नाजूक असते, आणि खारट नमुन्यांपुढे फार टिकत नाही. कॅपिलरीचं टोक अगदी सरळ कापलेलं हवं. त्यावरचं पॉलिइमाइडचं आवरण काही मिलिमीटर जाळून काढा, कारण ते द्रावकात फुगतं. कॅपिलरी शीथच्या नळीबाहेर साधारण ०.१ मिलिमीटर डोकावली पाहिजे. हे भिंगाखाली बघून करा, अंदाजाने नको.

लहान ऋणायनांच्या बाबतीत एक पेच सगळ्यांनाच अडवतो. उघड्या सिलिकाच्या कॅपिलरीत विद्युत परासरणाचा, म्हणजे विद्युतदाबाने सगळा द्रवच सरकण्याचा, प्रवाह कॅथोडकडे, ऋण टोकाकडे जातो. परक्लोरेट, नायट्रेट, सल्फेट यांची स्वतःची गती त्या प्रवाहाइतकीच किंवा त्याहून जास्त, आणि उलट दिशेला. नेहमीच्या ध्रुवतेत हे आयन डिटेक्टरपर्यंत पोहोचतच नाहीत किंवा फार उशिरा पोहोचतात. म्हणून ध्रुवता उलटी करायची. पण मग परासरण डिटेक्टरकडून मागे वाहतं, पुढच्या टोकातून शीथ द्रव किंवा हवा आत ओढली जाते, करंट कोसळतो आणि फवारा तुटतो. यूव्हीवर आपण बफरमध्ये सीटॅबसारखं धन-प्रभारी सर्फॅक्टंट घालून प्रवाह उलटवतो. एमएसपुढे ते चालत नाही: सर्फॅक्टंट ईएसआयचा संकेत दडपून टाकतं आणि आठवडाभर यंत्रातून जात नाही. त्याऐवजी कॅपिलरीच्या आतल्या भिंतीवर पॉलिब्रीनसारख्या धन-प्रभारी बहुवारिकाचा लेप द्या, जादा लेप नीट धुऊन टाका आणि धावणीच्या वेळी मागून थोडासा दाब ठेवा. प्रवाह उलटला की ऋणायन आणि प्रवाह दोघंही एमएसकडे येतात.

उलट्या ध्रुवतेत आणखी एक गोष्ट घडते. फवाऱ्याची सुई अ‍ॅनोड बनते. ती स्टेनलेस स्टीलची असेल तर तिचं ऑक्सिडीकरण होतं. तोमोयोशी सोगा यांच्या गटाने २००९ मध्ये ऋणायनी चयापचयजांवर काम करताना हे दाखवून दिलं आणि स्टीलऐवजी प्लॅटिनमची सुई लावून प्रश्न सोडवला. आपल्यासाठी याचं महत्त्व जास्तच आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये लोहाबरोबर क्रोमियम आणि निकेल असतात. क्रोमियमचा लवलेश शोधणाऱ्याने क्रोमियमयुक्त अ‍ॅनोड फवाऱ्यात ठेवणं म्हणजे कोऱ्या नमुन्यावर, म्हणजे क्रोमियम न घातलेल्या तुलनेच्या नमुन्यावर, पाणी सोडणं. हा खर्च प्रस्तावात सुरुवातीलाच धरा.

बफर बाष्पनशील हवा: अमोनियम फॉर्मेट, अ‍ॅसिटेट, कार्बोनेट. यूव्हीसाठीचं तुमचं क्रोमेटचं द्रावण, बोरेट आणि फॉस्फेट विसरा. शीथ द्रवातले प्रतिआयन कॅपिलरीत मागे शिरतात हेही लक्षात ठेवा. उलट्या ध्रुवतेत धनायन पुढच्या टोकाकडून आत चालत येतात, आणि हायड्रोजन आयन तर सगळ्यात वेगवान. शीथमध्ये फॉर्मिक आम्ल घातलं तर अल्कधर्मी बफरचा पीएच मागून हळूहळू ढासळतो, आणि शिखरं का सरकतात ते कळत नाही. ऋणायनांसाठी शीथमध्ये थोडं अमोनिया घालणं बरं.

दिवाळीच्या धुळीकडे येऊ. फटाक्यांत पोटॅशियम परक्लोरेट ऑक्सिडीकारक म्हणून असतं, आणि गंधक जळून सल्फेटही भरपूर तयार होतं. परक्लोरेटचा आयन वस्तुमान-प्रभार गुणोत्तर ९९ वर दिसतो. दुर्दैवाने ३४ वस्तुमानाच्या गंधकाचं बायसल्फेटही ९९ वरच येतं, आणि हे समस्थानिक गंधकात चार टक्क्यांहून थोडं जास्त असतं. सल्फेट परक्लोरेटच्या शेकडो पट असेल तर खोटं शिखर खऱ्याला गिळून टाकतं. इथे सीई खरोखर उपयोगी पडते, कारण सल्फेट परक्लोरेटपेक्षा वेगवान आहे आणि आधी निघून जातं. तरी ९९ च्या जोडीला १०१ नोंदवाच. क्लोरिनच्या दोन समस्थानिकांमुळे त्यांचं प्रमाण जवळपास तीनास एक यायला हवं. तसं नसेल तर ते शिखर परक्लोरेट म्हणून लिहू नका. अंतर्गत मानक म्हणून, म्हणजे प्रत्येक नमुन्यात तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घालायला, ऑक्सिजन-१८ ने खूण केलेलं परक्लोरेट मिळतं, ते १०७ वर दिसतं. शीथमधली चढउतार आणि कॅपिलरीतलं सरकणं दोन्ही ते भरून काढतं. एवढ्या एका गोष्टीवर पैसे खर्च करायला कचरू नका.

ब्रोमेटचे दोन आयन १२७ आणि १२९ वर, जवळपास सारख्याच उंचीचे. आयोडाइडही १२७ वर येतं. मुंबईच्या हवेत समुद्राचे क्षार असतातच, त्यात आयोडीनही असतं, म्हणून ब्रोमेट १२९ वर मोजा आणि १२७ फक्त पडताळणीसाठी ठेवा. सीईची शिखरं तीन-चार सेकंदांची असतात. चार आयन निवडले तर प्रत्येकाला ५० ते १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नका, नाहीतर शिखरावर पुरेसे बिंदूच पडणार नाहीत. पूर्ण स्कॅन तर नकोच.

आता आर्सेनिक. ईएसआयमध्ये आर्सेनेट, म्हणजे पाच-संयुजी आर्सेनिक, १४१ वर दिसतं खरं, पण संकेत दुबळा असतो आणि खारट नमुन्यात आणखी दबतो. आयसीपी आयनाचे अणू करून टाकते. तिला रूपाशी देणंघेणं नसतं, पण ७५ वस्तुमानावर ती अतिशय संवेदनशील असते. रूप ओळखण्याचं काम सीईच्या वेळेवर सोपवायचं. याच कारणाने परक्लोरेट आयसीपीला देऊ नका: क्लोरिनची आयनीकरण ऊर्जा जवळपास १३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, प्लाझ्मात त्याचे फार थोडे आयन बनतात.

खाडीच्या पाण्यात क्लोराइड प्रचंड. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १९ ग्रॅम असतं. आयसीपीत आर्गॉन आणि क्लोरिनचा जोड-आयन बरोबर ७५ वर येतो आणि आर्सेनिकचं सोंग घेतो. हेलियमच्या कोलिजन सेलने, म्हणजे हेलियमशी टकरा घडवून जोड-आयन गाळणाऱ्या कोठडीने, तो बराच कमी होतो. पण सीईमध्ये क्लोराइड आर्सेनेटपेक्षा वेगाने धावून आधीच निघून जातं, म्हणून हे खोटं शिखर वेगळ्या वेळी दिसतं आणि त्याला बाजूला ठेवता येतं. क्रोमियमसाठी ५३ वर क्लोरिन-ऑक्सिजनचा जोड-आयन येतो, तोही असाच वेगळा पडतो. ५२ वर मात्र आर्गॉन-कार्बनचा जोड-आयन असतो. तो तुमच्या कार्बोनेट बफरमधून सतत येत राहील आणि वेळेने वेगळा होणार नाही. तिथे हेलियमच हवं.

पीएच ठरवताना आर्सेनिक तीनचा विचार आधी करा. आर्सेनियस आम्लाचा पीकेए ९.२ च्या आसपास आहे, म्हणजे पीएच ७ ला त्यावर प्रभार जवळपास नसतो आणि ते परासरणाबरोबर नुसतं वाहत येतं, इतर सगळ्या अप्रभारी गोष्टींसोबत. पीएच ९.५ च्या पुढे गेलात तर त्याला स्वतःची गती मिळते. लेप दिलेल्या कॅपिलरीत तेव्हा आर्सेनेट आधी येतं, आर्सेनिक तीन सर्वांत शेवटी, आणि मिथिलयुक्त रूपं मध्ये. अमोनियाचं अल्कधर्मी द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून ते रोज ताजं करा.

आयसीपीच्या सांध्यात विरळतेपेक्षा ओढ जास्त छळते. द्रवाचा फवारा करणाऱ्या नेब्युलायझरचा आर्गॉन टोकापाशी निर्वात करतो आणि कॅपिलरीतला द्रव खेचतो. प्रवाह नळीच्या मध्यात वेगवान आणि भिंतीशी मंद होतो, आणि सीईने कष्टाने वेगळी केलेली शिखरं पसरतात. सुसान ऑलेसिक, जेफ्री किंझर आणि जॉन ऑलेसिक यांनी १९९५ मध्ये सीई-आयसीपी जोडली त्या सुरुवातीच्या काळापासून ही ओढ आणि तिला आवरण्यासाठी टोकाभोवती बाहेरून सोडलेला मेक-अप द्रव हा कळीचा मुद्दा आहे. मेक-अपमध्ये प्लॅटिनमची तार बुडवून मंडल पूर्ण करा. त्याच द्रवात थोडं जर्मेनियम किंवा ऱ्होडियम घाला. त्याचा संकेत सपाट असेल तर फवारा ठीक आहे हे प्रत्येक क्षणी कळतं. ओढ मोजण्याचा सोपा मार्ग: विद्युतदाब न देता सीझियमचा छोटा प्लग आत घ्या, नेब्युलायझर चालू ठेवा आणि वाट पाहा. ६० सेंटीमीटरच्या कॅपिलरीतून तो दहा मिनिटांत आला, तर मिनिटाला सुमारे १२० नॅनोलिटर नुसती ओढ आहे. मेक-अपचा प्रवाह वाढवत आणि मागच्या कुपीची उंची खाली नेत हा वेळ अर्ध्या तासापलीकडे जाईपर्यंत पुढचं काहीच करू नका. नमुना आत घेताना तर ही ओढ थेट प्रमाणच बिघडवते.

संहतीच्या मर्यादेवर मात करायला स्टॅकिंगची युक्ती सगळे सांगतात: कमी वाहकतेचा नमुना, जास्त वाहकतेचा बफर, की आयन सीमेवर गोळा होतात. भातसा-वैतरणाचं नळाला येणारं मऊ पाणी असेल तर ती छान चालते. खाडीच्या पाण्यात उलटं होतं, नमुनाच बफरपेक्षा कितीतरी वाहक असतो आणि शिखरं विस्कटतात. तिथे नमुन्यातल्या क्लोराइडलाच आघाडीचा आयन होऊ द्या आणि मागे एखादा मंद, बाष्पनशील शेपटीचा आयन लावा. या क्षणिक समतागतिक टप्प्यात मधले आयन अरुंद पट्ट्यात दाबले जातात. हे जुळवायला वेळ लागतो, पण खारट नमुन्यावर चालणारं यासारखं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. विद्युतदाबाने नमुना आत घेण्याचा मोह या पाण्याबाबत टाळा. प्रत्येक नमुन्याची वाहकता वेगळी, म्हणून आत जाणारं प्रमाणही दर वेळी वेगळं. क्लोराइड आणि सल्फेट काढणाऱ्या चांदी-बेरियमच्या कार्ट्रिज टँकरच्या पाण्याला चालतील, पण गाळाच्या चार थेंबांना नाहीत.

नमुना घेण्याबद्दल. ठाणे खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्यात आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, त्यामुळे वनविभागाची परवानगी आधी घ्या, तिला वेळ लागतो. काम ओहोटीला करा. कुप्या आधी नायट्रोजनने भरून ठेवा. आर्सेनिकच्या नमुन्यात सरसकट आम्ल घालण्याची सवय इथे घातक आहे. तिवरांखालच्या काळ्या गाळात सल्फाइड असतं, आम्ल पडलं की आर्सेनिकचं सल्फाइड खाली बसतं आणि गंधक-आर्सेनिकची मिश्र रूपं मोडतात. अशा नमुन्याला तिथल्या तिथे गोठवणंच योग्य. शुष्क बर्फाचा डबा किनाऱ्यावर न्या, पूर्व द्रुतगती मार्गावरच्या वाहतुकीच्या भरवशावर नमुने सोडू नका.

पावसाळ्याचं मी मुद्दाम सांगतो, कारण यंत्राच्या पुस्तिका मुंबई डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नसतात. जुलैत इथला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. कॅपिलरीची कॅसेट २० अंशांवर ठेवली आणि खोलीतली हवा कोरडी नसेल, तर कॅसेटवर आणि इलेक्ट्रोडच्या बैठकीवर पाणी धरतं. ३० किलोव्होल्टला ते पृष्ठभागावरून करंट गळायला पुरेसं असतं. आलेखावर काटे दिसतात आणि माणूस बफर बदलत बसतो. डीह्युमिडिफायर रात्रभर चालू ठेवा, कॅसेट २५ अंशांवर ठेवा आणि थंड असताना उघडू नका. हवेतल्या मिठामुळे क्लोराइड आणि सोडियमचे कोरे नमुने जून ते सप्टेंबरमध्ये सहसा वर चढतात. कुप्यांची झाकणं मोकळी ठेवू नका.

आर्गॉनचा हिशोबही आधीच करा. प्लाझ्मा मिनिटाला १५ ते १८ लिटर खातो, म्हणजे सात घनमीटरचं सिलिंडर साधारण सात तासांत रिकामं. कॅपिलरी मुरवणं, लेप देणं आणि ओढ मोजण्याआधीची सगळी तयारी प्लाझ्मा बंद ठेवून करता येते, ती तशीच करा. सुविधेत आठ तासांचा वेळ मिळाला तर पहिले दोन तास सीईच्या करंटला द्या: दहा धावण्यांत करंट स्थिर नसेल तर प्लाझ्मा पेटवू नका.

सुरुवात एकाच जोडीने करा: आर्सेनेट आणि आर्सेनिक तीन, साध्या पाण्यात, लिटरला १०० मायक्रोग्रॅम. मग तेच कृत्रिम समुद्राच्या पाण्यात. मग गाळाच्या पाण्याच्या एका नमुन्यात ज्ञात प्रमाण घालून किती परत मिळतं ते पाहा, आणि त्याच वेळी घातलेलं आर्सेनिक तीन दोन तासांनी तीनच राहिलं का तेही. हे शेवटचं मोजमाप प्रबंधात पहिल्या तक्त्यात द्या. क्रोमियमला हात त्यानंतर लावा, कारण तीन-संयुजी क्रोमियम ईडीटीएशी (धातूला धरून ठेवणाऱ्या रेणूशी) जोडायला तापवावं लागतं, आणि ती पायरी जमेपर्यंत दोन्ही रूपं एका धावणीत पकडणं जमत नाही.